तोफेचं सर्टिफिकेट

आमच्या घरात जिन्याचा कठडा धरल्याशिवाय कुणी खाली उतरत नाही. चिखलीतली आमची इमारत चार मजल्यांची आणि लिफ्ट आठवड्यातून तीन दिवस रुसलेली, त्यामुळे जिना रोजचाच. उतरायला लागलं की मागून आमच्या ह्यांचा आवाज येतोच, "कठडा!" शेजारचे आजोबासुद्धा आता तो आवाज ऐकला की मुकाट्यानं कठड्याला हात लावतात. हे चाकणच्या एका कंपनीत सेफ्टीला आहेत. कुणाला शेडवर, टाकीवर, शिडीवर चढायचं असेल तर आधी ह्यांची परमिटवर सही लागते. सही नाही तर माणूस जमिनीवर. बावीस वर्षं हे असे लोकांना जमिनीवर ठेवत आलेत.

आणि ह्याच माणसाला किल्ल्यांचं वेड! परभणीकडचे हे, तिकडं डोंगर दिसायची मारामार, म्हणून असेल. रविवार आला की बूट, टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि पट्ट्या-औषधांची पिशवी. गडावर गेले की तटावर बसून फोटो काढणाऱ्या पोरापोरींना "अहो, मागं सरका की" म्हणत हिंडतात. एकदा एका पोरानं विचारलं, काका तुम्ही पुरातत्त्व खात्याचे का? हे नुसते हसले. नाही म्हणायला जीभच उचलली नाही. चाकणचा भुईकोट तर आम्ही इतक्यांदा पाहिलाय की तिथली कुत्री आता आमच्यावर भुंकत नाहीत.

त्यांच्या मोबाइलच्या स्टेटसला कायम तलवारी आणि बुरूज. मावळ्यांच्या शौर्यावर ते अर्धा तास बोलू शकतात, भाजी चिरता चिरतासुद्धा. मग आमच्या एकुलत्या एका लेकीनं दहावीनंतर सांगितलं की तिला सैन्यात अधिकारी व्हायचंय, आणि ह्यांची भाजी चिरायची सुरी तिथंच थांबली. शूर पोरं जन्मावीत, पण ती शेजारच्या घरात!

चाकण ओलांडून तासाभरावर एका सरदाराची जुनी गढी आहे. गढी म्हणजे चांगला किल्लाच, चार बुरूज आणि भोवती खंदक. त्यात आता मुलींना सैन्याच्या परीक्षेसाठी तयार करणारी निवासी अकादमी चालते. लेक तिथली लेखी परीक्षा पास झाली, पळायच्या चाचणीत पळाली, मुलाखत दिली, आणि यादीत तिचं नाव लागलं. राहिला एकच कागद. संमतिपत्र. दोर, पोहणं, नेमबाजी वगैरे सगळ्याला आमची हरकत नाही, असं त्यावर लिहिलेलं, आणि खाली आईची आणि वडिलांची अशा दोन्ही सह्या. पालकांच्या भेटीच्या दिवशी दुपारी चारच्या आत तो कागद खिडकीत द्यायचा. नाही दिला तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला.

पंधरा दिवस तो कागद आमच्या घरात होता. मी म्हणत होते, करा सही. हे म्हणत होते, वाचतोय. दीड पानाचा कागद! लाल पेन घेऊन तीनदा वाचला. कंपनीत ह्यांनी आख्ख्या प्लांटची फाइल एका दुपारी वाचून काढल्याचं मी ऐकून होते. शेवटी म्हणाले, "जागा बघितल्याशिवाय मी सही करत नसतो." म्हटलं बरं, चला, बघू जागा.

चाकण चौकात कंटेनरच्या मागं पाऊण तास गेला. मागच्या सीटवर मी, तिथंसुद्धा बेल्ट लावलेला, मांडीवर भाकरी-ठेच्याचा डबा. लेक खिडकीतून बाहेर बघत होती. एरवी तोंडाला खीळ नसलेली पोरगी, त्या दिवशी तिनं एक शब्द काढला नाही. मला वाटलं, बापावर चिडलीय.

गढीचा दरवाजा एवढा उंच की मान मागं टाकावी लागली. हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून ठोकलेले लोखंडी खिळे अजून तसेच होते, आणि त्यांच्या खाली प्लास्टिकच्या खुर्चीत गार्ड बसला होता. समोर व्हिजिटर रजिस्टर. नाव, गाडी नंबर, भेटीचं कारण. ह्यांनी कुठल्याही गेटवर बावीस वर्षं जे लिहिलंय तेच लिहिलं. सुरक्षा पाहणी. खाली झोकदार सही. चूक केली असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं, हात आपला सवयीनं चालला.

गार्डनं वाचलं, ह्यांच्या खिशाला लावलेली दोन पेनं बघितली, आणि फोन उचलला.

दोन मिनिटांत ऑफिसातले एक सर जवळजवळ पळतच आले. शर्टाचं वरचं बटण लावत म्हणाले, "या या साहेब, आधी कळवलं असतं तर..." मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "कळवून पाहणी करत नसतात." झालं! कप्पाळ माझं.

बाकीचे पालक एका मुलीच्या मागून गढी बघायला गेले. ती कडक गणवेशातली कॅडेट त्यांना सांगत होती की सरदाराची कचेरी कुठं भरायची, खंदकात पाणी कुठून यायचं, भुयाराचं तोंड कुठं बुजवलंय. म्हणजे ह्यांच्या जिवाचं जे काही ते सगळं तिकडं चाललं होतं. आणि हे इकडं सरांच्या बरोबर आग विझवायच्या लाल सिलिंडरवरच्या तारखा वाचत होते. मधेच भुयार हा शब्द वाऱ्यावर आला तेव्हा ह्यांची मान तिकडं वळली, पण वळली तशीच त्यांनी ती परत आणली. साहेबपण सोपं नसतं.

जुन्या पागेत मेस होती. घोडे बांधायच्या कड्यांना आता पोळ्यांच्या डब्यांची फडकी वाळत घातलेली. आम्ही आत शिरलो तर आचारी टोपी शोधत होता. सापडली नाही तेव्हा त्यानं डोक्याला पंचा गुंडाळला. ह्यांनी गॅसची नळी दोन बोटांनी चाचपली, गंभीरपणे "हं" म्हटलं, आणि डायरीत काहीतरी लिहिलं. आचाऱ्यानं आम्हाला न मागता चहा दिला, वर बिस्किटं. मी खाल्ली. खोटं कशाला बोलू, मलाही मजा यायला लागली होती. घरी मी कंपन्यांचे युनिफॉर्म शिवते, तीन मशिनी आहेत, त्यामुळे मीही तिथल्या मुलींच्या गणवेशाच्या शिवणी बघून घेतल्या. खांद्याला डबल टीप होती. काम चांगलं होतं.

मग आम्ही बुरुजावर गेलो. खरी गोम तिथंच होती.

बुरुजावरून मुली दोराला धरून खाली खंदकात उतरायच्या. कठड्याशी एक जुनी तोफ जमिनीत अर्धी रुतलेली, आणि दोराचा एक वेढा तिला घातलेला. ह्यांचे डोळे चमकले. पंधरा दिवस ज्याची वाट बघत होते ते सापडलं एकदाचं. शिकवणारे उस्ताद तिथंच उभे होते, जवळच्याच गावचे, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या.

"ह्या तोफेचं लोड टेस्टचं सर्टिफिकेट दाखवा," हे म्हणाले.

"कशाचं?"

"तोफेचं. किती वजन पेलते, कुणी तपासलं, कधी तपासलं."

उस्तादांनी तोफेकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं बघितलं. "साहेब, माज्या पणज्याच्या पणज्यापास्नं ही हितनं हालली न्हाई. तिला कोन सर्टिफिकेट देनार?"

"म्हणजे नाही." ह्यांनी डायरी उघडली.

"दमा जरा," उस्ताद म्हणाले, आणि गुडघ्यावर बसून त्यांनी तोफेमागची ताडपत्री बाजूला केली. खाली काँक्रीटमध्ये बसवलेले दोन जाड पोलादी हूक, त्यांना अडकवलेला खरा दोर, शिवाय वेगळा दुसरा दोर. तपासणीचा पत्रा जागेवर ठोकलेला, त्यावर गेल्या महिन्याची तारीख. "तोफंला वेढा निस्ता मान म्हनून हाय. पोरी उतरायच्या आधी तिच्या पाया पडत्यात. वजन सगळं ह्या दोघांवर." मग त्यांनी हेल्मेटं दाखवली, गाठी दाखवल्या, खाली कोण उभं राहतं ते दाखवलं. ह्यांनी हूक हलवून बघितला, दोर बोटांनी वीतभर वीतभर चाचपला, पत्रा दोनदा वाचला. काही म्हणजे काही सापडलं नाही.

"कुठल्या खात्याकडून आलात साहेब तुम्ही?" उस्तादांनी विचारलं.

ह्यांनी घसा खाकरला. बोलली ती लेक. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा बोलली. "उस्ताद, ते खात्याचे नाहीत. माझे पप्पा आहेत. माझं नाव यादीत आहे."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आचाऱ्याची बिस्किटं बहुतेक त्यांच्याही डोळ्यांसमोर आली. उस्ताद मात्र मिशीत हसले. "बापच हाय व्हय! मंग बरोबर हाय." सरांनी घड्याळ बघितलं, कोरड्या आवाजात सांगितलं की संमतिपत्राची खिडकी चारला बंद होते, आणि निघून गेले. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

आम्ही तिघं तटाच्या सावलीला बसलो. ह्यांनी डायरी मांडीवर ठेवली. मी डोकावून बघितलं, अकरा मुद्दे काढलेले आणि अकराही मुद्द्यांपुढं बरोबरची खूण. हरकत घ्यायला जागाच उरली नव्हती. दुसऱ्या कुणी सुटकेचा श्वास टाकला असता, ह्यांचा चेहरा मात्र उतरला होता. मी संमतिपत्र पुढं केलं, वर पेन ठेवलं.

"सोमवारी फोन करून बघू का आपण?" हे म्हणाले. "चार दिवस मागून घेऊ. बघू की."

हे बघू ऐकलं आणि माझं टाळकं सरकलं. एवढा वेळ मी चेष्टा करत होते, आता नाही. "माझ्या बापासारखं करू नका," मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं. पलीकडं डबा खात बसलेल्या बाईनं वळून बघितलं.

ही गोष्ट हे जाणून होते, लेकीला मात्र मी कधी सांगितली नव्हती. अकरावीत असताना कॉलेजच्या छात्रसेनेत होते मी. दापोडीला रेल्वे लाइनच्या कडेला आमची खोली, तिथून पहाटे कवायतीला जायचे, बुटांना घरातल्या तव्याची काजळी लावून. दिल्लीच्या संचलनाच्या सरावासाठी आमच्या कॉलेजातून एकटी माझी निवड झाली. फॉर्म आणला. माझी सही मी आधी वहीच्या मागच्या पानावर गिरवून गिरवून बसवली आणि मग फॉर्मवर केली. वडिलांची जागा मोकळी होती. वडील कारखान्यात होते, वाईट माणूस नव्हे, कधी हात उगारला नाही. नाही असंही म्हणाले नाहीत. उद्या बघू म्हणाले. फॉर्म रेडिओखाली ठेवला. रोज उद्या बघू, उद्या बघू, आणि मग तारीख निघून गेली. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. बघूशी कसं भांडणार? पुढं दोन वर्षांत माझं लग्न झालं.

लेक माझ्याकडं बघत राहिली. "मम्मी, तू मला हे कधी बोलली नाहीस," ती म्हणाली.

ह्यांनी डायरी मिटली. मग म्हणाले, "कंपनीत मी सही करतो ना, ती करून केबिनमध्ये जाऊन बसत नाही. माणूस वर चढला की मी खाली उभा राहतो. तो उतरेपर्यंत. ऊन असू दे, काही असू दे. माझं खाली उभं राहून काय होणार, पडला तर मी झेलणार आहे का? पण मी तिथं असतो. हितं मी खाली नसणार. त्याचीच भीती वाटायलीय मला. बाकी सगळं ओके आहे."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण भीती वाटते हे ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. माझा राग कुठल्या कुठं गेला. तेवढ्यात लेकच त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. कंपनीतले लोक उभे राहतात तशी, हात बाजूला.

"विचारा मला. वर चढणाऱ्याला विचारता ते सगळं."

ह्यांच्या कामाची ही रीत आहे. चढणाऱ्याच्या तोंडून उत्तरं आल्याशिवाय सही होत नाही, सुपरवायझरनं कितीही हमी दिली तरी. ह्यांनी चष्मा पुसला.

"जेवलीस का?"

"अर्धी भाकरी."

"झोप झाली का?"

"नाही. दोन-तीन दिवस नीट झाली नाही."

नियमानं परमिट इथंच फेटाळायला हवं होतं. हे पुढं गेले.

"काम काय आहे ते सांग."

"दोन वर्षं इथं राहायचं. शिकायचं. परीक्षा द्यायची. नापास झाले तर परत द्यायची."

"भीती वाटते का?"

हा प्रश्न साधा नाही. ह्याचं उत्तर "नाही" आलं तर हे माणसाला चढू देत नाहीत. ज्याला भीती वाटत नाही तो बेल्टचा हूक अडकवायला विसरतो, असं ह्यांचं म्हणणं. हे लेकीला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं, आणि मला ते सांगता येत नव्हतं. सैन्यात जायला निघालेली पोरगी, ती काय म्हणणार?

लेक खाली बघत होती. "वाटते," ती म्हणाली. "खूप वाटते पप्पा. म्हणून तर गाडीत बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि मग तुम्ही गाडी वळवली असती."

ह्यांनी डायरीवर कागद ठेवला आणि सही केली. रजिस्टरमधल्यासारखी झोकदार नाही, नीट, एकेक अक्षर लावून. मग कागद आणि पेन माझ्याकडं दिलं.

पावणेचार वाजून गेले होते. मी उभ्या उभ्या तटाच्या दगडावर कागद टेकवला, आईच्या जागेवर सही केली आणि तिघं खिडकीकडं धावत सुटलो. ह्यांच्यासकट! कंपनीच्या आवारात पळणाऱ्याला हे मेमो देतात.

खिडकीत तेच सर. त्यांनी कागद वाचला, आधारची झेरॉक्स बाजूला ठेवून ताडून बघितला, परत वाचला. "मॅडम, ही कुणाची सही? नाव जुळत नाही."

मी बघितलं. माझं नाव, पुढं वडिलांचं नाव, पुढं माहेरचं आडनाव. वळणसुद्धा अकरावीतलंच, शेवटच्या अक्षराखाली ओढलेली रेघ आणि तिच्यावर दोन टिंबं. आता सही करायची वेळ येतेच कुठं म्हणा, सगळं अंगठ्यावर नाहीतर ओटीपीवर. पण तेवढंच नव्हतं. वीस वर्षांत चुकूनही ते नाव माझ्या हातून उतरलं नव्हतं. मला हसूही येईना आणि रडू आवरेना. लेकीनं माझा दंड घट्ट धरला.

"दुसरा फॉर्म आता मिळायचा नाही," सर म्हणाले, घड्याळाकडं बघत. "व्हाइटनर लावा, काहीतरी करा."

"व्हाइटनर नको," मागून हे म्हणाले. आवाज एकदम कामावरचा. "आमच्याकडं चुकलेलं पुसत नाहीत सर. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबरचं लिहायचं." आणि मग फक्त मला ऐकू जाईल असं, "हळू लिही. अजून पाच मिनिटं आहेत."

मी रेघ मारली, हलक्या हातानं, एकच. तिच्याखाली ती अकरावीतली मुलगी स्वच्छ वाचता येत होती. शेजारी आत्ताचं नाव लिहिलं.

सरांनी शिक्का उचलला आणि कागदाकडं बघत म्हणाले, "आईच्या दोन सह्या झाल्या की हो."

"असू दे," मी म्हटलं. "दोघींचीही हरकत नाही."